बारा कुलपांचा हापसा

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा आधी फायली आल्या, मग कारकून आले. पाणी काही आलं नाही. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कारकुनांच्या त्या पहिल्या खेपेत दादांची नांदेडहून बदली झाली. नांदेड सोडताना आई वाहत्या नळाकडं बघून रडली, तर दादा म्हणाले, "अगं, नवा जिल्हा हाय. समदं नवंकोरं मिळंल." मिळालं ते असं : गावाबाहेर समोरासमोर दोन ओळींत पत्र्याची तेरा घरं, मध्ये एक हापसा, आणि हापशाशेजारी पत्र्याचा डबा पालथा घालून बसलेली हौसाआक्का.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. म्हातारी माणसं प्रत्येक गोष्टीची तुलना बहात्तरच्या दुष्काळाशी करायची आणि बहात्तरच जिंकायचा. "ह्यो काय दुष्काळ हाय? तवा आमी मिलो खाल्ला, मिलो!" म्हणायची, म्हणजे रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, आणि समोरच्या ताटातली चांगली भाकरी मोडायची. आमच्या घरी सकाळ दादांच्या त्रिसरणानं उजाडायची. त्यांचा आवाज बारीक, आणि त्याच्यावर आईच्या भाकरी थापण्याची थपथप. मग बाहेरून हापशाची कर्र-खट, कर्र-खट सुरू झाली की आई पिठाच्या हातानंच ओरडायची, "सुमे, नंबर!" जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी आणि धर्माबादच्या मिरच्यांचा ठेचा. भात आठवड्यातून एकदाच, कारण तांदूळ धुवावा लागतो. एका तांब्या पाण्याचे चार जन्म व्हायचे. त्यात तोंड धुवायचं, ते घमेल्यात धरून भांडी विसळायची, त्याच पाण्यात फडकं पिळायचं आणि उरलंच तर दारातल्या अबोलीला घालायचं. अबोलीला त्या पाण्याची चव कशी लागत असेल, ह्याचा विचार मी आत्ता साठीत करते. तेव्हा वेळ नव्हता.

हौसाआक्काचा नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. त्यानं साहेबांच्या मागं लागून हापसा आपल्या दारासमोर पाडून घेतला आणि वर्षाच्या आत मरून गेला. तेव्हापासून हापसा सरकारचा असला तरी आक्काचा होता. दांड्याला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली आक्काच्या कनवटीला. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते सहा एवढाच वेळ तो उघडायचा. दर खेपेला घरटी दोन घागरी. भरण्याआधी "आक्का, भरू का?" असं विचारायचं. रांगेत हसायचं नाही. हसलं की नंबर शेवटी. का, तर हसणाऱ्या बाईचं लक्ष नसतं आणि पाणी सांडतं. आक्काची म्हैस मात्र आधी पाणी प्यायची, आणि ती निवांत, मान वर करून आमच्याकडं बघत बघत प्यायची. लोणचं घातलं की पहिली वाटी आक्काकडं जायची. कचेरीतल्या पेशकारांची बायको, तिला सगळे पेशकारीणबाई म्हणायचे, एकदा लोणचं द्यायला विसरली, तर आठ दिवस तिचा नंबर म्हशीच्याही मागं.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर आक्कावर अन्याय होईल. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ह्याच पेशकारीणबाईनं रांगेत आईकडं बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आक्का, ह्यांच्या घागरी मागं लावा की. आमच्यात देवाला पाणी लागतंय." आक्कानं मिश्री थुंकली. "देवाला तहान लागली तर देव यिऊन मला इचारंल. तू हो मागं." आणि पेशकारीणबाई खरंच मागं गेली. आईला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे. तसं काही नव्हतं. आक्काच्या राज्यात सगळे सारखेच खाली होते, एवढंच.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या जिभेला धार होती. अजून आहे, पण आता ऐकणारं कोणी राहिलं नाही. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर नांदेडला वादविवाद स्पर्धा झाली. तीन-चार वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका हुकूमशहाला शेजारच्या देशाच्या फौजेनं हाकलून लावलं होतं आणि त्यावरचा वाद अजून चालू होता. म्हणून विषय ठेवला होता, 'जुलमी सत्ताधीशाला हटवण्यासाठी परक्या देशानं फौज पाठवणं योग्य आहे'. मी अनुकूल बाजूनं बोलले. म्हणाले, "दार आतून बंद आहे, आत माणूस मार खातोय, किंकाळ्या ऐकू येताहेत. शेजाऱ्यानं दार तोडायचं, की हे त्यांचं घरगुती भांडण आहे म्हणून कूस बदलायची?" टाळ्या! काय टाळ्या! प्रतिकूल बाजूचा मुलगा बिचारा 'दार तोडल्यावर नवं कोण बसवणार' असं काहीतरी म्हणत होता, पण त्याचा आवाज फुटका होता. पहिलं बक्षीस मला. कप मांडीवर घेऊन मी एस.टी.नं लातूरला आले आणि कपाबरोबर मे महिन्यातल्या मुंबईच्या अंतिम फेरीचं निवडपत्रही आणलं. दादांनी ते पत्र ऑफिसात नेऊन शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना दाखवलं. मुंबई म्हणजे मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेली. आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या शेजारची नूरजहाँभाभी बाळंत झाली. घरात ती, तिची सासू खालाबी आणि बाळ. नवरा ट्रकवर, बाहेरगावी. बाळंतिणीचं घर म्हणजे पाण्याचं घर. खालाबी आक्काकडं तिसरी घागर मागायला गेली. आक्का म्हणाली, "बाळ काय घागरीनं पितंय? दोन म्हंजी दोन." खालाबी परत आली. मी दारातून बघत होते आणि माझ्या डोक्यात नांदेडच्या टाळ्या वाजत होत्या. आत माणूस मार खातोय! मी आत गेले, कार्ड घेतलं आणि धर्माबादच्या रत्नामावशीला लिहिलं, 'ताबडतोब ये. इथं जुलूम चालू आहे.'

रत्नामावशी आईची थोरली बहीण. धर्माबादच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायांची ती मुकादम. तिच्या लुगड्यात मिरचीचा खकाणा असा मुरलेला, की ती एस.टी.त चढली की पुढच्या चार बाकांवर शिंका सुरू व्हायच्या. बोलताना निम्मं तेलुगू, आणि बोलणं कसलं, हाळीच. ती पाचव्या दिवशी उतरली. डोक्यावर आमच्यासाठी मिरच्यांचं पोतं, तोंडात पान. "कोण हाय ती? दाखव मला."

आई म्हणाली, "ताई, तू पाहुणी हायस. दोन दिस राहा, ठेचा खा, जा. आमचं आमी बघू."

"तुमचं तुमी बघितलं असतं तर पोरीनं कागद कशाला टाकला असता?" मावशी म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हापसा उघडायच्या आधीच, मावशी पोतं डोक्यावर घेऊन रांगेत घुसली. आक्कानं वर बघितलं. "कोण गं तू? कुण्या घरची?"

"धर्माबादची."

"मंग धर्माबादला भर की पाणी."

मावशीनं पोतं आक्काच्या डब्याशेजारी दाणकन आपटलं, तोंड सोडलं आणि दोन कोपरे धरून झटकलं. वारा आक्काकडं वाहणारा. मी खोटं सांगत नाही, लाल ढगच उठला. आक्का शिंकली, मग खोकली, मग डोळे धरून डब्यावरून खाली आली. म्हैस दावं तोडून पळाली ती थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत. अर्धी रांग शिंकत होती, अर्धी हसत होती, आणि हसल्याबद्दल कोणाचाही नंबर गेला नाही. मावशीनं आक्काच्या कनवटीची किल्ली अलगद काढून घेतली, कुलूप उघडलं आणि किल्लीसकट पलीकडच्या बाभळीत भिरकावलं. "आजपासून हापसा समद्यांचा! पो आक्का, पो!" पो म्हणजे तेलुगूत चालती हो. हे आम्हाला कोणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

आक्का उठली. पदरानं डोळे पुसत घरात गेली आणि दार लावून घेतलं. गल्लीत गूळ वाटला गेला. पेशकारीणबाईनं मावशीला कुंकू लावलं. मी खालाबीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला तर ती तो बघतच राहिली. म्हणाली, "बेटी, फौज आई थी तब भी ऐसेच मिठाई बाँटे थे लोगां. बाद में क्या हुआ, वो हमकू पूछो." निजामाच्या राज्यात भारताची फौज शिरली त्या पोलीस अॅक्शनच्या वेळी ती एवढीशी पोर होती, एवढं मला माहीत होतं. पुढं मी विचारलं नाही. विजयाच्या दिवशी असलं कोण विचारतं?

मावशी दुपारच्या गाडीनं परत निघाली. मी म्हणाले, "राहा की दोन दिवस. आता पुढं कसं काय करायचं ते तरी सांग." ती म्हणाली, "पुढं काय करायचं हाय? पाणी भरा! माझ्या मिरच्या उन्हात पडल्यात तिकडं." आणि गेली. गाडीतून शिंकांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

पुढचे दोन दिवस म्हणजे दिवाळीच. नऊ वाजले तरी हापसा चालू, बारा वाजले तरी चालू. भाभीच्या घरी पहिल्या दिवशी सहा घागरी गेल्या. मी स्वतः नेऊन ठेवल्या आणि बाळाच्या न्हाणीला उभी राहिले. पेशकारीणबाईनं गाद्यांच्या खोळी धुतल्या. आमच्या आईनं, ह्या दुष्काळात, दोन्ही दिवस भात केला. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ आलं. पाचव्या दिवशी हापसा नुसती हवा ओकायला लागला. दांडा वीस वेळा मारावा तेव्हा वाटीभर चिखल. तेव्हा कुठं लक्षात आलं, की नऊ ते चार हापसा बंद ठेवायचा तो आक्काच्या लहरीखातर नव्हे. तेवढ्या वेळात खाली पाणी साचायचं. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. हुकूम द्यायची सवय लागली की माणूस कारण सांगायचं सोडून देतं, आणि मग त्याची चांगली कारणंही त्याच्याबरोबर घरात कोंडली जातात.

मारामारी व्हायची तेवढी बाकी होती, म्हणून बैठक बोलावली. वेळा जुन्याच ठरल्या. आता कुलूप लावायचं, पण किल्ली कोणाकडं? ह्याच्याकडं नको, त्याच्याकडं नको, माझ्याकडं दिली तर चालेल, असं दोन तास. शेवटी मी उठले. मुंबईला जाणारी वक्त्री मी, गप्प कशी बसेन? म्हणाले, "आक्काचं सोडून प्रत्येक घराचं एक कुलूप लावू. बाराच्या बारा घरं आली तरच साखळी सुटेल. म्हणजे कोणी एकटा मालक होणार नाही. हीच खरी लोकशाही!" पुन्हा टाळ्या. माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं टाळ्यांनी सुरू झाली आहेत.

कुलपं लावताना पेशकारीणबाईचा जुना सूर परत निघाला. आता म्हशीच्या मागं उभं करणारं कोणी नव्हतं. "लावा बापा, पण त्यांचं कुलूप आमच्या कुलपाला चिटकू देऊ नका." आईनं मान खाली घातली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण कपाटभर मुद्दे असलेल्या मला एक शब्द सुचला नाही. तेव्हा दादा उठले. रोज साहेबापुढं वाकणारे आमचे दादा. त्यांनी आमचं कुलूप तिच्या कुलपाला घासून, अगदी खेटून लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि येऊन जागेवर बसले. पण आक्का असती तर हा प्रसंगच आला नसता, हे माझ्या मनात आलं आणि मला माझाच राग आला.

तर असा आमचा हापसा बारा कुलपांचा. सहाला उघडायचा तो बारा किल्ल्या गोळा होईपर्यंत आठ वाजायचे. कोणी झोपलेलं, कोणी परसाकडं गेलेलं, कोणी मुद्दाम उशिरा येणारं. आणि दहाव्या दिवशी पोलीस जमादाराचं अख्खं घर लग्नाला कंधारला गेलं, किल्ली घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, कुलूप तोडायचं. पण जमादाराचं कुलूप साधं नव्हतं. ठाण्यातून आणलेलं, पितळी, नारळाएवढं. पेशकार म्हणाले, "सरकारी कुलूप तोडलं तर कलम लागतंय." कोणतं कलम, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण गल्लीत उरलेले सगळे सरकारी नोकर एका कुलपाभोवती हात मागं बांधून उभे राहिले. एक दिवस गेला. बायका कोसभर लांबच्या विहिरीवरून गाळ उपसून आणायला लागल्या. दुसरा दिवस उजाडला. भाभीला लांब चालवत नव्हतं, खालाबीच्यानं होत नव्हतं. आई आमच्यातलं तांब्याभर देत होती, पण आमच्यातच काय होतं? बाळंतिणीच्या पोटात पाणी नाही तर दूध कुठून येणार? दुपारी बाळाचं रडणं बारीक झालं. मग खालाबी बाहेर आली, रिकामी घागर आमच्या उंबऱ्याशी ठेवली आणि काही न बोलता आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला एवढी शरम आयुष्यात परत कधी वाटली नाही.

मी आक्काच्या दारावर गेले. तीन हाका मारल्यावर तिनं दार उघडलं. डोळे अजून लाल होते.

"काय गं, धर्माबादकरीण?"

मी सगळं सांगितलं. बाळाचं सांगितलं, जमादाराचं सांगितलं. आक्का माझ्याकडं असं बघत राहिली, जसं गणितात नापास झालेल्या पोरीकडं बाई बघतात. "कुलूप कशाला तोडताव? साखळी तोडा की. कुलपं तुमची, साखळी माझी हाय. माझ्या साखळीला कलम न्हाई लागत." आणि तिनं आतून करवतीचं पातं आणून माझ्या हातात ठेवलं. बारा शिकलेल्या घरांच्या डोक्यात हे आलं नव्हतं!

मी साखळी कापायला बसले तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. तासभर लागला. हाताला फोड आले. कडी तुटली आणि बाराच्या बारा कुलपं खणखणत खाली पडली. त्यांतली दोन, आमचं आणि पेशकारीणबाईचं, एकमेकांत अडकलेलीच पडली. पहिली घागर भाभीच्या घरी गेली. मग मी सगळ्यांदेखत आक्काला म्हणाले, "आक्का, चुकलं आमचं. या, बसा डब्यावर." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. अगदी पेशकारीणबाईनंसुद्धा.

"मी न्हाई बसायची," आक्का म्हणाली. "लई शिव्या खाल्ल्या. उठवायला धर्माबादहून बी माणूस येतंय. बसायला कोण येतंय? कागद तू टाकलास ना? मंग बस तू. पावसाळा लागंपर्यंत. दोन म्हंजी दोन. कुणी रडलं तरी ऊठू नकू."

अलीकडं टीव्हीवर मी बघते. कुठल्या तरी देशात बाहेरची फौज शिरते, पुतळ्याला दोर लावतात, पुतळा पडतो, लोक त्याला चपला मारतात. माझा नातू म्हणतो, "आजी, जिंकले!" मी म्हणते, "हो रे राजा, आता डब्यावर कोण बसतंय ते बघू." त्याला वाटतं, आजी भरकटली. तो हुकूमशहा बसू द्यायचा होता का? मुळीच नाही. आक्काला उठवायलाच पाहिजे होतं, हे मी आजही छातीठोक सांगेन. फक्त ते उठवणं अर्ध्या तासाचं काम होतं आणि उरलेलं सगळं माझ्या अंगावर आलं.

तर मी बसले. सकाळी सहा ते नऊ, दुपारी चार ते सहा, कॉलेजला सुट्ट्या होत्याच. आठवडाभरात माझं नाव 'आक्की' पडलं. शिव्या अशा खाल्ल्या, की त्यातल्या काहींचा अर्थ मला लग्नानंतर कळला. मुंबईच्या फेरीची तारीख जवळ आली तेव्हा मी घरोघर विचारलं, चारच दिवस कोणी बसता का? कोणाला नातेवाईक आले होते, कोणाची कंबर धरली होती. दादा म्हणाले, "जा तू, मी रजा टाकतो." पण नव्या जिल्ह्यात रजा कुठली? साहेबांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. माझ्याऐवजी तो फुटक्या आवाजाचा मुलगा मुंबईला गेला. मी दोन दिवस रडले. रडत रडत डब्यावर बसले होते, म्हणजे आक्काचा हुकूम मी शब्दशः पाळला.

फेरीच्या दिवशी सकाळी, बरोबर जेव्हा माझं नाव पुकारलं गेलं असतं तेव्हा, नूरजहाँभाभी बाळ कडेवर घेऊन तिसरी घागर मागत होती. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं होतं, त्याला दोन वेळा न्हाऊ घालावं लागत होतं. ती म्हणाली, "सुमन, तुझ्या मावशीला माझ्यासाठीच बोलावलंस ना गं? मग आता एका घागरीनं काय होतंय?" आमच्या घरच्या दोनातली एक द्यावी म्हणून मी आईकडं बघितलं. आई रांगेत उभी होती. ती दुसरीकडं बघायला लागली. मागं दहा घरं थांबली होती आणि दांड्याला पाणी जड लागायला लागलं होतं, म्हणजे खाली तळ आला होता.

"भाभी, दोन म्हणजे दोन," मी म्हणाले. "नंबर सोडा."